स्टुलाखालची चकती

सकाळी नऊ वाजता आलेल्या बाईने टेबलावर एक कागद ठेवला. "हे माझ्या सासऱ्यांनी लिहून दिलंय," ती म्हणाली. "यातलं एकही वाक्य खरं नाही. तेवढं सिद्ध करून हवंय. आज पाच वाजायच्या आत."

कागद छोटा होता. 'गेल्या सोमवारी रिंगांच्या मालात भुकटी टाकायची माझ्याकडून अनवधानाने राहिली. ते लपवण्यासाठी मी लॅबला तपासणीसाठी जुना माल दिला. यात लॅबचा काही दोष नाही.' खाली सही.

वहिनींनी तो दोनदा वाचला. विमा कंपनीसाठी जळालेला, भिजलेला, न जळताच जळाला म्हणून दाखवलेला माल तपासण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. आता त्या स्वतःच्या जबाबदारीवर चौकशीची कामं घेत. शेजारीपाजारी त्यांना वहिनीच म्हणत, आणि त्यांच्याबरोबर वही घेऊन हिंडणाऱ्या त्यांच्या धाकट्या दिरांना भाऊजी. भाऊजी भूगोलाचे निवृत्त शिक्षक होते.

"चूक लपवायला खोटं बोलणारे पुष्कळ पाहिले," वहिनी म्हणाल्या. "अंगावर घ्यायला खोटं बोलणारे फार नाहीत. बसा. सासरे काय करतात?"

"मिक्सर चालवतात. सत्तावीस वर्षं. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. त्याच कारखान्यात मी लॅब बघते."

"कारखाना कशाचा?"

"रबर आणि प्लास्टिक एकत्र मळून दाणे करतो आम्ही. पुढे लोक ते दाणे साच्यात घालून वस्तू काढतात."

"एकत्र कशाला?" भाऊजींनी विचारले. "रबर ते रबर, प्लास्टिक ते प्लास्टिक."

"रबर एकदा पक्कं झालं की परत वितळत नाही. प्लास्टिक कितीदाही वितळतं, पण दाबलं तर उसळत नाही. आम्हाला दोन्ही गुण हवेत. म्हणून दोन्ही गरम मिक्सरमध्ये मळायचं आणि मळणं चालू असतानाच भुकटी टाकायची. भुकटीनं रबर पक्कं होतं. पण तेव्हाच मळलं जात असल्यामुळे त्याचा एक गोळा होत नाही, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक कण होऊन ते प्लास्टिकमध्ये विखुरतात. असा माल उसळतो रबरासारखा आणि वितळतो प्लास्टिकसारखा."

"पीठ मळतानाच मीठ घालायचं," भाऊजींनी वहीत लिहिले. "नंतर वरून भुरभुरून उपयोग नाही. आणि घातलंच नाही तर?"

"दिसायला तसेच काळे दाणे. पण त्याची वस्तू दाबली की दबलेलीच राहते. पायपुसणी करायला आम्ही मुद्दाम तसा साधा माल करतो, स्वस्तात. पाण्याच्या पाइपांच्या जोडात बसणाऱ्या रिंगांना मात्र भुकटीचाच लागतो. गेल्या सोमवारी दोन्ही केले. सकाळी साधा, दुपारी रिंगांचा. प्रत्येकी बारा गोण्या. पाइपवाल्या कंपनीनं त्याच्या रिंगा काढल्या, जोडात दाबून बसवल्या आणि एका दिवसानं सोडल्या, तर चपट्याच्या चपट्या. शनिवारी त्यांचं पत्र आलं."

"आणि मालक काय म्हणाले?"

"म्हणाले, मिस्त्रीनं भुकटी टाकली नाही, नाहीतर लॅबनं न तपासता सही केली. दोघांपैकी एक जण घरी जाईल. काल बाबांनी मालकांना कागद लिहून दिला, ही त्याची प्रत. पाच वाजता कंपनीला उत्तर जाणार आहे, त्याबरोबर अशीच एक प्रतही."

"तुम्ही तपासला होता?"

"होता. माल चांगला होता. पण नमुना बाबांनीच पुडीत बांधून आणला होता, रोजच्यासारखा. म्हणजे माझा शब्द त्यांच्या शब्दावर टेकलाय. पडले तर दोन्ही एकदम."

"भुकटीची रिकामी पाकिटं असतील की," भाऊजी म्हणाले.

"नसतात. पाकीट मिक्सरमध्येच वितळतं, म्हणून पाकिटासकट आत टाकतात."

वहिनींनी कागदावरच्या एका शब्दावर बोट ठेवले. "'अनवधानाने.' हा सासऱ्यांचा शब्द?"

सून पहिल्यांदाच थोडी हसली. "बाबा 'चुकून' म्हणतात. तेही वर्षातून एखाद्या वेळी."

*

मालकांच्या खोलीबाहेर शिपाई स्टुलावर बसला होता. तो उठला आणि त्याने वाट देण्यासाठी स्टूल सरकवले. स्टुलाखाली काळे पायपुसणे होते, दारभर रुंद.

"कोरं करकरीत आहे हो," भाऊजी म्हणाले. "कसं सपाट, गुळगुळीत. पाय पुसायला जीव होत नाही."

"गुरुवारी टाकलंय," शिपाई म्हणाला. "तेव्हापासून मीच बसतोय त्यावर. पाय कुणी पुसत नाही."

आत मालकांनी वहिनींना ओळखले. "आमच्या आगीच्या वेळी तुम्ही आला होतात. आम्ही जळालेल्या नव्वद गोण्या सांगितल्या होत्या. तुम्ही एकसष्ट लिहिल्यात."

"एकसष्टच होत्या."

"होत्या," मालक म्हणाले. "म्हणूनच तुम्हाला फिरू देतो. पण मिस्त्रीनं स्वतः लिहून दिलंय. त्यात आणखी काय शोधायचं? पाच वाजता पत्र जाईल. ही बघा रिंग."

टेबलावरची रिंग पोळपाटाखाली सापडल्यासारखी चपटी होती. वहिनींनी ती मागून घेतली.

बाहेर पडताना त्या दारातच खाली वाकल्या. चपलेचा पट्टा सुटला असावा. पर्समधल्या नखांच्या कात्रीचा बारीक आवाज झाला. भाऊजी तेव्हा शिपायाला पाणी कुठे मिळेल ते विचारत होते.

*

मिक्सर दोन मजल्यांएवढा उंच होता आणि एकसुरी घरघरत होता. समोर लोखंडी स्टुलावर बसलेल्या मिस्त्रींनी पाहुण्यांकडे न बघता हातातले पाकीट मिक्सरच्या तोंडातून आत सोडले आणि थांबले. मिनिटाभरात यंत्राचा आवाज जाड झाला.

"घेतलं," मिस्त्री म्हणाले.

"काय घेतलं?" भाऊजींनी विचारले.

"रबरानं भुकटी. पक्कं व्हायला लागलं की मिक्सरला जोर पडतो. ऐकायला येतो."

"आणि गेल्या सोमवारी आला नव्हता ऐकायला?" वहिनींनी विचारले.

"कागदात लिहिलंय काय ते."

वहिनींनी खाली पाहिले. स्टुलाच्या चारही पायांखाली शर्टाच्या मोठ्या बटणाएवढ्या काळ्या चकत्या होत्या. "हे काय?"

मिस्त्रींच्या आवाजात नकळत जीव आला. "रिंगांच्या प्रत्येक मालाची चकती कापतो. पायाखाली ठेवतो आणि वर बसतो. दुसऱ्या दिवशी काढायची. उठली तर माल चांगला, बसली तर बसली. लॅब आता आली. स्टूल आधीपासून आहे."

"काढलेल्या चकत्या टाकून देता?"

 मिस्त्रींची नजर खिडकीतल्या पत्र्याच्या डब्याकडे गेली. वहिनींनी तो उघडला. प्रत्येक चकतीवर पांढऱ्या रंगात तारीख होती. गेल्या सोमवारची त्यांनी उचलली. ती नव्या बटणासारखी भरीव होती.

"ही तर उठलेली आहे."

"कागदात चकतीचं काही नाही," मिस्त्री म्हणाले. "तुम्हीही लिहू नका."

"का?"

"मला निवृत्तीला सहा महिने राहिलेत. तिला अजून वीस वर्षं काढायचीत. आणि साठीला आलेल्या माणसाला एखादी गोष्ट जाड दिसली म्हणून ती जाड असतेच असं नाही." त्यांनी पुन्हा यंत्राकडे तोंड वळवले.

जिन्यात भाऊजी कुजबुजले, "वहिनी, सुटला की हो बिचारा. चकती आहे."

"चकती त्यांनीच कापली, नमुना त्यांनीच दिला. जुना माल दिला असेल तर दोन्ही जुन्यातले. मालक हेच म्हणतील, आणि त्यांचं बरोबर असेल. मिस्त्रींच्या हातातून न आलेलं काहीतरी हवं."

*

दाणे पाण्यातून थंड होऊन पॅकिंगच्या खोलीत येत. तिथे मालकांचा भाचा होता. तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, चटपटीत. कामगार त्याला भाचेसाहेब म्हणत. चार महिन्यांपासून दाणे करण्याचे आणि गोण्या भरण्याचे काम तो बघत होता, आणि पुढच्या महिन्यात मामा त्याला भागीदार करून घेणार होते.

"मला मिस्त्रींचं वाईट वाटतं," तो म्हणाला. "वय झालंय. अनवधानाने होतं एखाद्याकडून. मी मामांना म्हटलंसुद्धा, फार ताणू नका."

"तुमच्याकडे माल कसा येतो ते दाखवता?"

"दाखवतो की." चाकांवरची पोलादी पिंपं ओळीने उभी होती. दोन भरलेली होती, एक दाराजवळ आणि एक खिडकीजवळ. "आज सकाळीच आलीत. हे दाराजवळचं रिंगांच्या मालाचं, ते पायपुसण्यांचं. झाकणाच्या मुठीला पितळी बिल्ला असतो. गोल म्हणजे रिंगा, चौकोनी म्हणजे पायपुसणी. बिल्ला बघायचा आणि गोणीवर तसा शिक्का मारायचा."

त्याने दाराजवळच्या पिंपाचे गोल बिल्ल्याचे झाकण काढून टेबलावर ठेवले. मग खिडकीजवळच्याचे चौकोनी बिल्ल्याचे काढून त्यावर ठेवले. "दाणे ओलसर येतात, थोडा वारा द्यावा लागतो. घ्या, हात घाला. आहे काही फरक?"

भाऊजींनी दोन्हींतला एकेक दाणा नखाने दाबून पाहिला. मग कुणी बघत नाही असे वाटून चावून पाहिला. "मला तर दोन्ही सारखेच."

"नुसत्या दाण्यांवरून कुणालाच कळत नाही. म्हणून तर मिस्त्रींवर विश्वास ठेवावा लागतो." बोलता बोलता भाच्याने वरचे झाकण उचलून दाराजवळच्या पिंपावर टाकले, खालचे खिडकीजवळच्यावर, आणि हात झटकले.

"आज गोण्या भरणार?"

"उद्या सकाळी."

"त्या सोमवारच्या मालाबद्दल आणखी कुणाची तक्रार आली का?"

"छे. पायपुसणीवाले खूश आहेत. बारा गोण्या गेल्या, विषय संपला."

"आणि मंगळवारी गोण्या गेल्यानंतर तुम्ही कुठे होतात?"

"मी? इथेच. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, कारखाना सोडून कुठे जायला मिळतंय?"

भाऊजींनी 'कुठेही गेला नाही' असे लिहून खाली रेघ मारली.

*

गोदाम सांभाळणाऱ्या माणसाच्या कमरेला एवढ्या किल्ल्या होत्या, की तो चालला की कारखान्याला कळे. त्याला सगळे किल्लीदार म्हणत. त्याला बोलते करावे लागत नव्हते. थांबवावे मात्र लागत होते.

"भुकटीची बारा पाकिटं मी मोजून दिली. परत एक आलं नाही. आता मिस्त्रीनं ती खाल्ली असतील तर मला माहीत नाही. तुम्हाला सांगतो, तो भुकटी विसरेल त्या दिवशी सूर्य पश्चिमेला उगवेल. हजार नियम त्याचे. मिक्सरपाशी शिट्टी वाजवायची नाही. ओल्या हातानं पाकीट धरायचं नाही. दोन पिंपं एकदम उघडायची नाहीत. लॅबमध्ये चप्पल घालून जायचं नाही. पॅकिंग माझ्याकडे होतं तोवर मी सगळं पाळायचो. भाचेसाहेब हसतात."

"तुमच्या टेबलाखालचं पायपुसणं जुनं दिसतंय," वहिनी म्हणाल्या.

"दोन महिन्यांपूर्वीचं. आमच्याच मालाचं." त्याने खुर्ची मागे घेतली. चार पायांचे चार खळगे पायपुसण्यात खोल उमटले होते. "बघा, वाटी ठेवावी असे. साधा माल हो, दाबलं की बसला. ते लोक प्रत्येक खेपेचं एक पाठवतात, बरोबर चिठ्ठी. आमच्या कोणत्या तारखेच्या गोण्यांतून काढलं ते लिहिलेलं असतं. चिठ्ठ्या मी जपतो. गुरुवारी आलेलं मालकांच्या दारात टाकलं. ही त्याची चिठ्ठी. गेल्या सोमवारचा माल."

वहिनींनी चिठ्ठी वाचून परत दिली. "चांगलं निघालं म्हणायचं."

"निघालं एकदाचं. बुधवारी भाचेसाहेबांना गाडी काढून तिकडे जावं लागलं. मीच फाटक उघडलं. माल आखडतो, साचा भरत नाही म्हणत होते ते. यांनी जाऊन यंत्राची उष्णता वाढवून दिली, तेव्हा कुठे भरला. अर्धा दिवस गेला. आता पायपुसण्याला कसलं आलंय आखडणं, पण असतात एकेक नखरे."

वहिनींच्या पर्सचा बंद पुन्हा उघडला. "तुमच्या पायपुसण्याचा एक कोपरा मी कापून नेते. रागावू नका."

"न्या. नाहीतरी मालकांनी फेकूनच दिलं होतं."

*

बाराच्या सुमारास वहिनींनी लॅबमध्ये तीन पुड्या ठेवल्या. त्यांवर एक, दोन, तीन असे आकडे होते. "भुकटी पडली होती की नाही, हे वस्तू झाल्यावर कळतं?"

"कळतं," सून म्हणाली. "जाळीच्या पिशवीत घालून द्रावकात उकळायचं. प्लास्टिक विरघळतं, कच्चं रबरही विरघळतं. पक्कं रबर फक्त फुगतं. पिशवी रिकामी झाली तर भुकटी नव्हती, तुकडा राहिला तर होती. चार तास लागतील."

"हे कशाचे तुकडे आहेत ते विचारू नका. म्हणजे निकाल तुमच्या बाजूनं लावला असं कुणी म्हणणार नाही. तिन्ही पिशव्या चार वाजता मालकांच्या टेबलावर आणा. सासऱ्यांनाही बोलवा."

बाहेरच्या बाकावर डबा उघडून भाऊजींनी आपला निष्कर्ष सांगितला. "किल्लीदार. पाकिटं दिली असं तोच म्हणतो. भुकटी बाहेर विकली आणि पाकिटात राख भरून दिली. फार बोलतो, म्हणजे लपवतो."

"लपवणारा माणूस फाटक उघडल्याचं सांगत नाही. तुमच्या वहीत आज दोन माणसांचा बुधवार लिहिलाय, भाऊजी. जेवून झालं की दोन्ही शेजारी ठेवून वाचा."

*

चार वाजता मालकांच्या खोलीत सगळे जमले. मिस्त्री दाराशी उभे होते, बसा म्हटले तरी बसले नाहीत. भाचा खिडकीला टेकला होता. किल्लीदाराने किल्ल्या मुठीत धरल्या होत्या.

"आज दिवसभर प्रश्न एकच विचारला जातोय," वहिनींनी सुरुवात केली. "मिस्त्रींनी भुकटी टाकली की नाही? वाईट माल बघून त्याचं उत्तर मिळणार नाही. म्हणून मी दुसरा प्रश्न घेतला. भुकटी टाकली नसेल, तर त्या सोमवारी या कारखान्यात फक्त साधा माल झाला असेल. चोवीसच्या चोवीस गोण्या साध्या. बरोबर?"

"बरोबर," मालक म्हणाले.

"मग त्या सोमवारचा उसळणारा माल जगात कुठेही सापडता कामा नये. एक तुकडा सापडला तरी कागद खोटा. पिशव्या दाखवा."

सुनेने जाळीच्या तीन पिशव्या बशीत मांडल्या. पहिली आणि तिसरी रिकामी होती. दुसरीत एक काळा तुकडा होता, फुगलेला, पण अखंड.

"पहिली म्हणजे तुमच्या टेबलावरची रिंग. तिच्यात भुकटी नव्हती, यात वाद नाही. तिसरी म्हणजे किल्लीदारांच्या टेबलाखालचं जुनं पायपुसणं. त्यातही नाही, आणि नसायलाच हवी. दुसरी..." वहिनींनी दाराकडे बोट केले. "तुमच्या दारातलं नवं पायपुसणं. डावा कोपरा बघा, मी नखांच्या कात्रीनं कापलाय."

मालक उठून दाराशी गेले आणि खाली बघत राहिले.

"शिपाई गुरुवारपासून त्यावर स्टूल टाकून बसलाय," वहिनी म्हणाल्या. "सकाळी त्यानं स्टूल सरकवलं, तर खाली एकही खळगा नाही. भाऊजींनी तसं बोलूनही दाखवलं, कसं सपाट आहे म्हणून. तेव्हा मी नुसत्या सवयीनं कोपरा कापून घेतला. अर्थ लागला तो किल्लीदारांच्या खुर्चीखालचे खळगे बघितल्यावर. हे पायपुसणं गेल्या सोमवारच्या गोण्यांतलं आहे, चिठ्ठी किल्लीदारांकडे आहे."

"म्हणजे रिंगांचा माल पायपुसण्यांना गेला," मालक हळू म्हणाले.

"आणि पायपुसण्यांचा रिंगांना. दोन्ही बाराच गोण्या, म्हणून कुणाला कमी-जास्त दिसलं नाही. मिस्त्रींनी भुकटी टाकली होती. नमुना खरा होता. लॅबची सही खरी होती. अदलाबदल त्यानंतर झाली, पिंपातून गोणीत जाताना."

भाचा सरळ उभा राहिला. "अदलाबदल होऊच शकत नाही. प्रत्येक पिंपाला बिल्ला आहे."

"पिंपाला नाही, झाकणाला आहे. आत्ता पॅकिंगच्या खोलीत दाराजवळच्या पिंपात कोणता माल आहे?"

"रिंगांचा. सकाळी दाखवला की तुम्हाला."

"मालक, तुम्ही स्वतः जाऊन बिल्ला बघून या. आम्ही बाहेर पडल्यापासून झाकणांना कुणी हात लावलेला नाही. शिपायाला मी तिथेच बसवलंय."

मालक गेले.  भाऊजी वहीची पाने मागे उलटत होते. एका पानावर त्यांचे बोट थांबले आणि भुवया वर गेल्या.

मालक परत आले ते भाच्याकडे बघतच. "चौकोनी आहे."

"सकाळी यांनी दोन्ही झाकणं काढली," वहिनी म्हणाल्या. "गोल खाली ठेवलं, त्यावर चौकोनी. परत लावताना हाताला आधी वरचं आलं, ते जवळच्या पिंपावर गेलं. आम्ही दोघं समोर उभे होतो. यांना कळलंसुद्धा नाही. ठेवलेल्याच्या उलट क्रमानं वस्तू हाताला येते. हे कुणाकडूनही होईल, म्हणूनच मिस्त्रींचा नियम आहे, की दोन पिंपं एकदम उघडायची नाहीत. गेल्या मंगळवारी यांनी वारा द्यायला अशीच झाकणं काढली. पिंपं चाकांवरची, जागा रोज बदलते. झाकण बघायचं आणि शिक्का मारायचा."

"ही झाली चूक," मालक म्हणाले. "चूक मी समजू शकतो."

"मीही. पण बुधवारी पायपुसणीवाल्यांचा साचा भरेना. पक्कं रबर असलेला माल साध्यापेक्षा आखडूनच वाहतो. हे तिथे गेले आणि यांनी उष्णता वाढवून दिली. दाण्यांचं काम करणाऱ्या माणसाला तिथेच कळायला हवं होतं. कळलं, म्हणून तर आज मला सांगितलं, की तक्रार नाही आणि बुधवारी कारखाना सोडला नाही. फाटक किल्लीदारांनी उघडलं होतं. बुधवारी एक फोन केला असता, तर पाइपवाल्यांनी साचे थांबवले असते."

"साहेब, मला काय ठाऊक," किल्लीदार पुटपुटला. "मी आपलं सहज बोललो."

"राहिला कागद." वहिनींनी प्रत पुढे केली. "मिस्त्री, 'अनवधानाने' हा शब्द कुणी सांगितला?"

मिस्त्री जमिनीकडे बघत होते. "मजकूर लिहून आणला होता. म्हणाले, तुमच्या अक्षरात उतरवून द्या, म्हणजे सुनेची नोकरी राहील. मामांना मी सांभाळतो."

खोलीत सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या.

"मामा," भाचा म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "बुधवारी मला वाटलं, रिंगा कदाचित चालून जातील. शनिवारी पत्र आलं तेव्हा उशीर झाला होता. मिस्त्रींना तसेही सहाच महिने..."

"पुरे," मालक म्हणाले. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी कोरा कागद ओढला. "पाइपवाल्यांना मी लिहितो. चूक आमच्या पॅकिंगमध्ये झाली, मिक्सरमध्ये नाही आणि लॅबमध्येही नाही. सही मामाची. पत्र घेऊन तू जायचंस, आणि त्यांच्यासमोर उभं राहून वाचून दाखवायचंस. भागीदारीचं पुढच्या महिन्यात बोलणार नाही. पुढच्या वर्षीही बोलेन की नाही माहीत नाही." मग त्यांनी सुनेकडे पाहिले. "चांगला माल मात्र गेला. बारा गोण्यांची पायपुसणी झाली."

"गेला नाही," सून म्हणाली. "नुसतं रबर असतं तर गेलं असतं. आपला माल परत वितळतो. पायपुसणी परत मागवा, दाणे करून देऊ. मी तपासून सही करीन, त्याच्याच रिंगा होतील."

मालकांनी टेबलावरचा मूळ कागद उचलून मिस्त्रींपुढे धरला. "हा फाडा."

मिस्त्रींनी तो घेतला, पण फाडला नाही. घडी घालून खिशात ठेवला आणि मिक्सरकडे गेले.

सून त्यांच्या मागोमाग आली. तिच्या हातात लॅबमधले जाडी मोजायचे यंत्र होते. वहिनी आणि भाऊजी जिन्याशी थांबले.

"तुम्हाला वाटलं मी न तपासता सही केली?" सुनेने विचारले. सकाळपासून आवरून धरलेला राग आता आवाजात आला होता.

"नाही ग."

"मग? चकती उठलेली तुम्हाला दिसत होती. मला सांगायचं तरी."

मिस्त्रींनी मान हलवली. "दिसत होती. पण पाइपवाले म्हणतात चपटी, मालक म्हणतात चपटी. तीन दिवस मी ती खिडकीत धरून बघत होतो. मला वाटलं, डोळे गेले आपले. हाताला जे जाड लागतं ते जाड नसेलच. मग म्हटलं, तुला तरी राहू दे."

तिने डबा उघडला, गेल्या सोमवारची चकती काढली आणि यंत्राच्या चिमट्यात धरली. काटा हलून थांबला. तिने यंत्र त्यांच्यासमोर धरले. त्यांना चष्मा सापडेना, म्हणून तिनेच वाचून दाखवले. "सहा मिलिमीटरची ठेवली होती. साडेपाच आहे. शाबूत आहेत डोळे."

 मिस्त्रींनी खिशातला कागद काढला, आणखी दोन घड्या घातल्या आणि स्टूल किंचित तिरके करून मागच्या एका पायाखाली सरकवला.

"कागदाचीही परीक्षा का?" भाऊजींनी जिन्यातून विचारले.

"छे. हा पाय थोडा आखूड आहे," मिस्त्री म्हणाले आणि वर बसले. "कागद बरा. दाबला की उठत नाही."